तिसऱ्या पातीचा मान

"सरकारने मला पर्यटक म्हणावं, माझी हरकत नाही, गावाने म्हणून बघावं."

हे वानसिम आत्या आमच्या शेकचुंगच्या पोलीस चौकीच्या पायरीवर बोलली. चपलेचा बंद ओढत, माझ्या खांद्याचा आधार घेत. मी तिची छत्री धरून उभी होते. आत टेबलामागे बसलेला तरुण पोलीस अजून आमच्याकडे बघत होता.

परदेशी माणूस घरी उतरला की लगेच चौकीत कळवावं लागतं. आत्या माझ्या घरी उतरली होती, म्हणून तिला घेऊन जाणं माझ्याकडे आलं. पोलीस उत्तरेकडच्या हुनान प्रांतातला, नवा. त्याने आत्याचा मादागास्करचा पासपोर्ट उलटसुलट केला, मग आत्याकडे पाहिलं, मग पुन्हा पासपोर्टकडे.

"येण्याचं कारण?"

"त्यातच छापलंय की."

"पर्यटन," त्याने वाचलं. "वा. मग काय काय बघणार आहात, आजी? नदीवरचा उंच मनोरा बघा. संध्याकाळी दिवे लागतात त्यावर."

"बघते. मी लहान होते तेव्हा तिथे केळी होत्या."

हे ती आमच्या गावच्या बोलीत बोलली. हल्ली ग्वांगझौ शहरात जी बोली ऐकू येते तीसुद्धा नाही; त्याच्याही मागची, ओढ्याकाठची, नाकातून काढायची. माझ्या मुलाला ती निम्मी कळत नाही. पोलिसाला एक अक्षर कळलं नसावं. मी सरकारी भाषेत सांगितलं तेव्हा तो खूश झाला.

"आजी, परदेशी असून चिनी छान बोलता हं तुम्ही. कुठे शिकलात?"

आत्याने टेबलावर बोट आपटलं. "या टेबलाच्या खाली आमचं तळं होतं, बाळा. त्यात बदकं हाकताना शिकले."

हेही मी त्याला समजावून सांगितलं, तर बिचारा खरोखरच वाकून टेबलाखाली बघायला लागला. आत्या हसली नाही. तिने कागदावर सही केली, ती मात्र त्या दूरदेशीच्या लिपीत, जोरात, कागद फाटेल अशी.

आत्या माझ्या सासऱ्यांची चुलत बहीण. पण गावात तिला सगळेच आत्या म्हणायचे. तिच्या वयाच्या बायका गावात उरल्यात त्या तिला 'बदकवाली' म्हणतात. वय सत्तरीच्या पुढे, पाठ ताठ, केस पुरुषासारखे आखूड. दर पाच-सहा वर्षांनी यायची. विमानतळावर परक्यांच्या रांगेत उभी राहायची, बोटांचे ठसे द्यायची, आणि बाहेर आली की पहिला प्रश्न ठरलेला, "ओढा आहे ना अजून?"

ओढा आहे. त्याला दोन्ही बाजूंनी दगडी काठ घातले, कठडे लावले, वर दिवे टांगले. शेतं गेली, त्यांवर काचेच्या इमारती आल्या. आम्ही गावकरी मधल्या खोलगटात राहिलो, आपापली घरं आकाशाकडे वाढवत. आमच्या खिडक्या एवढ्या जवळ आहेत की समोरच्या घरात काय शिजतंय ते झाकण न उघडता कळतं. खोल्यांमधून बाहेरगावची पोरं भाड्याने राहतात. सकाळी ती मेट्रोकडे धावतात तेव्हा आमचं गाव एखाद्या भांड्यासारखं रिकामं होतं, आणि तळाशी आम्ही उरतो: माक आडनावाचं कूळ, आमचं देऊळ आणि चिखलातली होडी.

हे कूळ चार भावांपासून वाढलं. चार भावांच्या चार पात्या. ड्रॅगन होडी चौघांची मिळून एक. ती वर्षभर ओढ्याच्या चिखलात पुरून ठेवतात, कारण उघड्यावर लाकूड तडकतं. तिचं ड्रॅगनचं लाकडी डोकं मात्र कुळाच्या देवळात, पूर्वजांच्या नावांच्या पाट्यांशेजारी. आमच्या पंचांगाच्या चौथ्या महिन्यात होडी चिखलातून काढायची, धुवायची. आणि पाचव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी देवळातून डोकं उचलून ओढ्यावर न्यायचं, होडीला बसवायचं. मग ती होडी होते. तोवर ते नुसतं लांबलचक लाकूड. डोकं उचलण्याचा मान एका वर्षी एका पातीचा. त्या दिवसाच्या मानकऱ्याला आजही लोक वर्षभर वाट करून देतात, भले तो एरवी विजेच्या सायकली दुरुस्त करत असो.

बाईने डोक्याला हात लावायचा नाही. मी लग्न होऊन आले त्याच वर्षी सासूने मला हे सांगितलं. होडीवर आपली सावलीसुद्धा पडू द्यायची नाही. मी विचारलं होतं, "आणि होडीचा भात?" सासू म्हणाली, "तो आपणच शिजवायचा." तेव्हापासून तो मी शिजवते. चिकट तांदूळ, खारवलेलं मांस, सुकी कोळंबी, वाटाणे; शेकडो माणसांचा. देवळामागच्या स्वयंपाकघरात उभी राहून मी ड्रॅगनची पाठच पाहिली, तोंड कधीच नाही.

आत्याचे वडील तिसऱ्या पातीचे. सांस्कृतिक क्रांतीत जुन्या वस्तू जाळण्याचे दिवस आले तेव्हा त्यांनी डोकं देवळातून काढून घरी, चुलीमागच्या वाळल्या गवतात लपवलं. आसपासच्या गावांची डोकी पटांगणात जळत होती. मग एका सकाळी वडिलांना सभेला नेलं आणि घराची झडती होणार असं कळलं. घरात आई आजारी, भाऊ पाळण्यात, आणि पंधरा वर्षांची वानसिम. तिने डोक्याची शिंगं उपसून काढली, दाढी सोडवली. आमच्याकडे बायका पोराला पाठीशी बांधतात त्या भरतकामाच्या झोळीत ते डोकं बसवलं, वरून भावाची टोपी घातली, आणि ती पाळण्यातल्या भावाला तसाच रडता ठेवून बाहेर पडली. नावेने नदीपलीकडे, मामाच्या गावी.

नावेत एक बाई म्हणाली होती, "फार शांत आहे गं पोर."

"ताप आलाय."

"बघू, हात लावून बघते."

"लावू नका. देवी असतील तर?"

मग कोणी तिच्या बाजूला बसलं नाही. लाकडी नाक मणक्यात रुतत होतं. त्याची खूण पाठीवर बरीच वर्षं होती, असं तिच्याच तोंडून मी एकदा ऐकलं. तेही अंघोळीला पाणी काढून देताना, सहज. कौतुक ऐकायला ती हे कधीच सांगायची नाही. गावात मात्र सगळ्यांना माहीत होतं. शेजारच्या गावांच्या होड्या भेटीला येतात तेव्हा आमचे पुरुष छाती काढून सांगतात, "आमचं डोकं नवं नाही. जुनंच आहे. आमच्या पोरीने पाठीवर नेलं." आमची पोरगी, असं म्हणतात. तिचं नाव घ्यायची गरज कुणाला वाटत नाही.

दिवस बदलले, होड्यांना परवानगी मिळाली. मामाच्या गावाहून डोकं परत आलं. वाजतगाजत आलं. तेव्हा म्हाताऱ्यांनी ठरवलं की बाईच्या पाठीवर बसून गेलं आहे, तेव्हा आधी शुद्ध करून घेऊ. पपनसाच्या पानांच्या पाण्याने धुवायचं. आमच्याकडे अशुभ उतरवायचं तर पपनसाचं पान. प्रेतयात्रेहून आलं की त्या पाण्याने हात धुतात, तुरुंगातून सुटलेला माणूस त्या पाण्याने अंघोळ करतो.

आणि ते पाणी उकळायला सांगितलं वानसिमला. स्वयंपाकघरात तरुण तीच होती.

तिने पानं तोडून आणली, घंगाळ चुलीवर चढवलं, पाणी उकळून हिरवं झालं तेव्हा दोघांच्या मदतीने ते देवळाच्या उंबऱ्यापर्यंत नेऊन ठेवलं. पुढच्या महिन्यात तिचं लग्न झालं. शेजारच्या तालुक्यातला मुलगा, त्याच्या बापाचं समुद्रापार, मादागास्करच्या एका बंदरात किराणा दुकान. लोक म्हणाले, एवढ्या लांब का देता? ती म्हणाली, "मीच म्हटलं द्या."

तिकडे तिने दुकान वाढवलं, तिथली भाषा शिकली, नवऱ्याला शेवटपर्यंत सांभाळलं, मुलींना शिकवलं. पासपोर्ट तिकडचा घ्यावा लागला तेव्हा इकडचा गेला. दोन ठेवता येत नाहीत. येताना ती आम्हा सगळ्यांना व्हॅनिलाच्या शेंगा आणायची. त्यांचं काय करायचं ते इथे कुणालाच कळत नसे. माझ्या सासूने त्या एकदा डुकराच्या मांसात घातल्या. घरभर आठवडाभर तो गोड वास. आत्या दोन वाट्या खाऊन उठली आणि म्हणाली, "वाईट झालंय. पण वास घरचा येतोय."

गेल्या हिवाळ्यात तिचा भाऊ, ज्याला ती पाळण्यात रडता सोडून गेली होती तो, वारला. त्याला मूलबाळ नाही. तिसऱ्या पातीत आता पुरुष म्हणून कोणी राहिला नाही. आणि या वर्षीचा मान नेमका तिसऱ्या पातीचा होता.

म्हणून ती आली होती. या वेळी व्हॅनिला आणला नव्हता.

चौकीतून आम्ही घरी आलो तर बैठकीत नववे काका चहा पीत बसलेले. काका होडीचे प्रमुख. आत्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, पण पिढीच्या मानाने सगळ्या पात्यांत वडीलधारे आता तेच. माझा नवरा पाकलुन त्यांना चहा ओतून देत होता. पाकलुन चौथ्या पातीचा.

"ताई! आलीस! बस बस. प्रवास बरा झाला ना?"

"नवव्या, तुझं नाक अजून वाहतं का रे? की सुनेने रुमाल घेऊन दिला?"

काका हसले. लहानपणी त्यांचं नाक पुसायचं काम आत्याकडे होतं, हे गावातल्या पोराटोरांनाही माहीत आहे. मग त्यांनी खाकरून सांगायला सुरुवात केली. या वर्षी जिल्ह्याची माणसं येणार, टीव्हीवाले येणार. समुद्रापलीकडून आलेली पाहुणी म्हणून आत्याचा सत्कार ठरलाय. मधल्या दारातून लाल गालिचा. छातीला रेशमी फूल. साहेबांच्या बाजूला खुर्ची.

"आणि डोकं?" आत्याने विचारलं.

काकांनी कप खाली ठेवला. "डोकं या वर्षी चौथ्या पातीकडे गेलं. पाकलुन उचलेल."

"मान तिसऱ्याचा आहे."

"तिसऱ्यात आहे कोण, ताई?"

"मी."

"तू…" काका माझ्याकडे बघायला लागले, जणू मी काही मदत करणार होते. "अगं, तू लग्न करून गेलीस. ते एक झालं. बाईमाणूस, ते दुसरं. आणि वरून परदेशी. तीन-तीन कुलपं आहेत या दाराला. मी एकटा कुठलं कुठलं उघडू?"

"पहिल्या वेळी कोणी कुलूप दाखवलं नव्हतं मला."

"ती वेळ वेगळी होती. आग लागली की कोणीही बादली उचलतो."

"आणि विझली की बादली धुऊन ठेवतात," आत्या म्हणाली.

काकांना ते समजलं. त्यांचा चेहरा उतरला. ते वाईट माणूस नव्हेत. आत्याच्या भावाच्या आजारपणात रोज त्याच्यासाठी पेज घेऊन जाणारे तेच होते. "तिसऱ्या पातीच्या पाटीपुढचा दिवा मी विझू देणार नाही, ताई. मी जिवंत आहे तोवर रोज लावीन. पण मान उचलायला हात लागतात. तू पाहुणी म्हणून ये. थाटात ये. एवढं माझं ऐक."

"पाहुणी," आत्या म्हणाली. आणि उठून तांदूळ निवडायला बसली.

त्या आठवड्यात आमच्या घरातलं बोलणं आटलं. पाकलुनने मानासाठी नवा पांढरा सदरा आणला होता, तो कपाटाच्या दारावर लटकत होता. त्याच्या बापाला हा मान कधी मिळाला नाही. पातीत त्याची पाळी आली तेव्हा बाप अंथरुणाला खिळलेला होता. पाकलुन सायकली दुरुस्त करताना गुणगुणायचा. ते थांबलं.

"तू नाही म्हण की," मी एका दुपारी म्हणाले.

"मी नाही म्हटलं तर पहिल्या पातीतला कोणीतरी उचलेल. आत्याला काय फरक पडतो?"

"तुला पडतो."

"मला काय पडतो?"

"सदरा उगाच आणला, एवढाच."

"तू तिच्या बाजूची की माझ्या?"

"मी स्वयंपाकघरातली," मी म्हणाले. तो चिडून पाना उचलून बाहेर गेला. आत्या पलीकडच्या खोलीत होती. तिला सगळं ऐकू आलं असणार. भिंती आमच्या अशाच. जेवताना तिने त्याच्या भातावर माशाचा गालाकडचा मऊ तुकडा ठेवला. "खा. ते जड असतं. हातात बळ पाहिजे."

पाचव्या महिन्याचा पहिला दिवस उजाडला. लिचीच्या टोपल्या, फटाक्यांच्या माळा, ढोलावर कोणाची तरी उगाच थाप. देवळाच्या मधल्या दारापासून वडाच्या झाडापर्यंत लाल गालिचा. साहेब आले, कॅमेरे आले. नववे काका रेशमी फूल हातात घेऊन उंबऱ्यात उभे.

आत्या गल्लीच्या तोंडाशी आली. निळा सुती सदरा, काळी विजार, इथल्या म्हाताऱ्या घालतात तशी. तिने गालिच्याकडे पाहिलं. एक कॅमेरावाला ओरडला, "आजी, इकडे बघा, इकडे!" आत्याने गालिच्याच्या कडेने वळसा घातला, भिंतीलगतच्या बोळात शिरली आणि आमच्या स्वयंपाकघराच्या दारातून आत आली. बाहेर काका फूल घेऊन तसेच उभे राहिले.

"काय गं बदकवाले, वाट चुकलीस?" आमची सगळ्यात म्हातारी स्वयंपाकीण म्हणाली. "तुझा गालिचा तिकडे आहे."

"तो पाहुण्यांचा. घरातल्या बायका इकडून येतात ना? सुरी दे."

"परदेशी हाताला सुरी पेलेल का?"

"तुझी जीभ कापून दाखवू?"

स्वयंपाकघरात हशा पिकला. आत्या पाटावर बसून खारवलेल्या मांसाचे तुकडे करायला लागली, बारीक, एकसारखे. माझ्याकडे चुलीवर पपनसाच्या पानांचं पाणी उकळत होतं. डोकं उचलण्याआधी मानकऱ्याला त्यात हात बुडवावे लागतात. त्या वासाने आत्याने एकदा मान वर केली. पुन्हा खाली घातली. तिच्या पाठीकडे पाहून मला एवढं कळलं की ही बाई देवळात पाऊल टाकणार नाही, भांडणार नाही, आणि हरलेही म्हणणार नाही. इथेच बसेल. इथून डोकं दुसऱ्याच्या हातात जाताना ऐकेल, आणि उद्या परक्यांच्या रांगेतून परत जाईल. त्यानंतर ती आली नसती. हे मला चुलीच्या आचेइतकं स्पष्ट जाणवत होतं.

आत देवळात कुळाची हजेरी सुरू झाली. पूर्वजांना उदबत्ती दाखवून प्रमुखाने एकेका पातीला हाक मारायची, त्या पातीने उत्तर द्यायचं. उत्तर दिलं की ती पाती पूर्वजांपुढे उभी आहे असं धरतात. मग कोणाचं काही चालत नाही. मान ज्या पातीचा, तिनेच उचलायचा. न आलेल्या पातीला हाक मारायची नसते. काकांनी ते आदल्या दिवशी चार वेळा घोकलं होतं, काकूंनीच सांगितलं मला. पहिली, दुसरी, चौथी. पहिली, दुसरी, चौथी.

पण तीस वर्षं ते हीच हजेरी घेत आलेले. जिभेला तिची वाट पाठ.

"पहिली पाती!"

"हजर!" पुरुषांचा आवाज उसळला.

"दुसरी पाती!"

"हजर!"

"तिसरी पाती!"

काकांना स्वतःचा आवाज ऐकू आला असणार, कारण ते तिथेच थबकले, उदबत्त्या हातात, तोंड अर्धं उघडं.

"हजर," आत्या म्हणाली.

ती बसल्या जागेवरून बोलली. मोठ्याने नाही. पण स्वयंपाकघर आणि देवळाच्या मध्ये फक्त एक जाळीची भिंत आहे. तिने सुरी पाटावर ठेवली, हात पुसले, आणि उंबरा ओलांडून आत गेली. मी तिच्या मागे दारापर्यंत गेले. तिथपर्यंत मी कधीच गेले नव्हते. पूर्वजांच्या पाट्यांशेजारी डोकं ठेवलेलं होतं, लाल कापडावर. पहिल्यांदाच मी त्याचं तोंड पाहिलं. डोळे मोठे, जरा घाबरलेले वाटले मला.

"ताई," काका म्हणाले, "चुकून निघालं. तोंडातून गेलं."

"कुठे गेलं?"

"अगं…"

"ज्यांच्याकडे गेलं त्यांना परत माग." तिने पाट्यांकडे हनुवटी केली.

कोणीतरी मागून म्हणालं, "पण ही तर पाहुणी आहे ना? फूल आणलंय हिच्यासाठी."

आत्या वळली. "पाहुण्याला पातीचं नाव घेऊन कोणी हाक मारतं का रे?"

पुरुष आपापसांत कुजबुजत होते. पहिल्या पातीतला एक म्हातारा म्हणाला, हाक गेली, उत्तर आलं, आता मोडता येत नाही. त्याच्या बाजूचा म्हणाला, उत्तर बाईचं होतं. म्हातारा म्हणाला, "मग दे तू उत्तर तिसऱ्या पातीच्या वतीने. दे, बघू." तो मागच्या रांगेत सरकला. आमच्याकडे पूर्वजांना थापा मारायला कोणी धजत नाही. एरवी एकमेकांना खुशाल मारतात.

काकांनी शेवटी पाकलुनकडे पाहिलं. तो नव्या सदऱ्यात समोर उभा होता, सगळ्यांत उंच.

"तू बोल. उचलणारा तू आहेस."

माझा नवरा फार बोलणारा माणूस नाही. त्याने सदऱ्याच्या बाह्या सारख्या केल्या. "मी चौथ्याचा," तो म्हणाला. "माझी हाक अजून झाली नाही, काका. मारा."

काकांनी डोळे मिटले. मग त्यांनी हाक मारली. "चौथी पाती!"

"हजर," पाकलुन म्हणाला, आणि दोन पावलं मागे सरकून आत्याच्या पाठीशी जाऊन उभा राहिला. "जड आहे ते, आत्या. मी मागे आहे."

"तू पुढे असलास तरी मला दिसणार नाहीस, एवढं मोठं तोंड आहे त्याचं," आत्या म्हणाली, आणि देवळात प्रथमच कोणीतरी हसलं.

मी विसण घातलेल्या पपनसाच्या पाण्याचं लहान घंगाळ घेऊन दारात उभी होते. एरवी ते आत न्यायला पुरुष येतात. कोणी आलं नाही. काकाच म्हणाले, "आण, सूनबाई." मी उंबरा ओलांडला आणि घंगाळ आत्यासमोर ठेवलं. माझी सावली कुठे पडली ते मी पाहिलं नाही.

"आता काय बोलायचं ते बोलून घे, ताई," काकांनी हळू सांगितलं. "एकदा उचललं की होडीला बसवेपर्यंत मानकऱ्याने तोंड उघडायचं नाही. एक शब्दही नाही."

"बदकवाली गप्प!" जाळीच्या पलीकडून आमची म्हातारी ओरडली. "हे बघायला मी जगले गं बाई!"

आत्याने पाण्यात हात बुडवले नाहीत. ती घंगाळापाशी उभी राहिली. वाफ तिच्या तोंडावर येत होती.

"नवव्या, एक सांगायचंय. मागे डोकं धुतलं होतं, माझ्यामुळे. पाणी मीच उकळलं होतं. आज मी हात धुते; तो रिवाज आहे, सगळे धुतात. पण मी उचलल्यावर हे डोकं कोणी धुवायचं नाही. आज नाही, उद्या नाही, मी गेल्यावर नाही. कबूल असेल तर उचलते. नसेल तर आत्ताच पाकलुनला दे. मी तिकडे मांस चिरत बसते, राग नाही माझा."

काकांचे ओठ हलले. उदबत्तीची राख त्यांच्या मनगटावर पडली, ती त्यांनी झटकली नाही. ज्या म्हाताऱ्यांनी ते धुवायला लावलं होतं त्यांत त्यांचे वडील होते. त्यांची पाटी समोरच होती, दुसऱ्या रांगेत.

"नाही धुणार," काका म्हणाले. मग मोठ्याने, पाट्यांकडे तोंड करून, "नाही धुणार!"

आत्याने दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात घातले. बाहेर काढून ते झटकले नाहीत. ओलेच लाल कापडाखाली घातले आणि डोकं उचललं. ते खरंच जड होतं. पाकलुनचे हात पुढे आले, पण तिने एकदा श्वास घेतला आणि ते पाठीवर नव्हे, छातीशी धरलं, तोंड पुढे करून, जगाने बघावं असं. ढोल सुरू झाला. पुरुष दोन्ही बाजूंना सरकले. साहेब खुर्चीतून उठून उभे राहिले; त्यांना काय चाललंय ते कळलं नव्हतं, तरी उठले. आत्या पाट्यांसमोर मान झुकवून वळली, आमच्या कोणाकडे न बघता मधल्या दाराकडे चालत गेली, आणि एक शब्दही न बोलता उन्हात बाहेर पडली.